आंबेडकर हे नाव

दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर आम्ही चार म्हातारे बसतो. मी शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे वस्तीतली मंडळी मला गुरुजी म्हणतात आणि अडचणीचा कागद घेऊन माझ्याकडेच येतात. अशाच एका रविवारी आपल्या वस्तीतली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. पोरगी हुशार, दाताची डॉक्टर झालेली. बाजारपेठेत गाळा भाड्याने घेतलेला, खुर्ची आलेली, आणि बोर्ड रंगवणारा पेंटर नाव काय टाकू म्हणून दोन दिवस खोळंबलेला. तिचे म्हणणे असे की आपले आडनाव वाचले की लोक पायरी चढायच्या आधीच जात ओळखतात, पेशंट दुसरीकडे वळतो. तेव्हा गॅझेटात नाव बदलून गावावरून आडनाव लावावे. वडिलांना ते मुळीच पटत नव्हते. ज्या नावावर आजोबांनी दीक्षा घेतली तेच नाव पुसायचे म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. मुलीने मग एकच मुद्दा काढला आणि बाप गप्प झाला. बाबासाहेबांनी नाही का आडनाव बदलले, असे ती म्हणाली.

मला तेव्हा लगेच उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली, पुन्हा वाचली. विहाराच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाचा आग्रह होताच. म्हणून परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन या एका धाग्याने, नावाच्या धाग्याने, आपल्यापुढे मांडत आहे. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. पण नावाच्या बाजूने ते पाहिले तर आजच्या पोरांच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडते, असे मला वाटते.

सकपाळांचा भिवा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, आई भीमाबाई. चौदावे अपत्य. घरात लाडाने भिवा म्हणत. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. सकपाळ हे कुळाचे आडनाव. आता हे सकपाळ आडनाव मराठ्यांतही आहे. आपल्या लोकांतली जाधव, मोरे, पवार, गायकवाड ही आडनावेही अनेक जातींत सापडतात. म्हणजे लपवायचेच असते तर सकपाळ नाव काही वाईट नव्हते. पण कोकणात गावावरून आडनाव लावायची जुनी रीत आहे. त्या रीतीप्रमाणे आंबडव्याचे ते आंबडवेकर झाले.

सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यातच १८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. लेकरू पाच वर्षांचे. आत्या मीराबाईने सांभाळ केला. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचे, ते वर्गात वेगळे टाकायचे आणि सुटल्यावर परत घरी आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून इथे थांबत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत नाव घातले गेले. त्या रजिस्टरात नोंद आहे ती भिवा रामजी आंबेडकर अशी. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मास्तरांचे नाव

आंबडवेकरचे आंबेडकर कसे झाले? याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. पण खुद्द बाबासाहेबांनी १९४७ साली आपल्या लहानपणाची जी आठवण लिहिली, तीत त्यांनी हे श्रेय आपल्या एका ब्राह्मण मास्तरांना दिले आहे. या मास्तरांचे आडनाव आंबेडकर. त्यांना आंबडवेकर हे नाव उच्चाराला आडनिडे वाटले. त्यापेक्षा माझेच सुटसुटीत नाव लाव, असे सुचवून त्यांनी कॅटलॉगात तशी नोंद केली.

हेच मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजीभाकरी या मुलाच्या हातावर घालत. पोराने जेवायला लांब घरी जाऊ नये म्हणून. त्या भाकरीची चव बाबासाहेब जन्मभर विसरले नाहीत. पुढे गोलमेज परिषदेला जाताना याच मास्तरांचे मायेचे पत्र आले, तेही त्यांनी जपून ठेवले.

आता इथे नीट पाहा. हे नाव मुलाने मागून घेतलेले नाही. वडिलांनी जात झाकायला लावलेले नाही. नोकरी मिळावी, गिऱ्हाईक यावे असा हिशोब त्यात नाही. देणाऱ्याने उघडपणे, सर्वांसमक्ष दिले आणि नाव बदलल्यावरही गोणपाट वेगळेच राहिले. वर्गात सगळ्यांना ठाऊक होते हा कोण ते. म्हणजे या बदलाने लपले काहीच नाही.

मसूरचे स्टेशन

दुसरी गोष्ट १९०१ सालची. सुभेदार तेव्हा खटाव भागात गोरेगावला रोखपालाच्या कामावर होते. दुष्काळी कामावर तलाव खोदणे चालले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. बाबासाहेब, थोरले बंधू आणि भाचे अशी मंडळी नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. पत्र वडिलांना वेळेवर मिळाले नव्हते. घ्यायला कोणी नाही. कपडे बघून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची मुले वाटली. त्याने आपुलकीने विचारपूस केली. कोण आहात असे विचारल्यावर मुलाने क्षणाचाही विचार न करता महार असल्याचे सांगून टाकले. स्टेशनमास्तरचा चेहरा तिथेच बदलला.

बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेऊन तयार झाला तो एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. रात्र पडली, जवळ भाकरी होती पण पाणी नव्हते. तेव्हा गाडीवानाने अक्कल शिकवली की जकात नाक्यावर पाणी मागताना मुसलमान असल्याचे सांगा. लष्करी घरातला मुलगा, उर्दू चांगले येत होते. उर्दूतून पाणी मागितले. नाकेदाराने तरीही झिडकारले. पाणी मिळाले नाही ते नाहीच. जेवण तसेच ठेवून पोरे उपाशी झोपली.

दहा वर्षांच्या मुलाने त्या एका दिवसात दोन्ही वाटा पाहिल्या. खरे सांगून अपमान झाला आणि खोटे सांगून तहान भागली नाही.

परदेशात नाव झाले

पुढे मुंबई. परळच्या चाळीतली एकच खोली, एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ची मॅट्रिक. त्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवले. मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि पदवी. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदारांचे निधन झाले आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले.

तिकडे भीमराव रामजी आंबेडकर या नावाला काही वास नव्हता. ग्रंथालयात नाव लिहिले की पुस्तक मिळे. खाणावळीत पैसे टाकले की जेवण मिळे. चार-पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. शिष्यवृत्तीच्या करारात बडोदा संस्थानाची नोकरी करायची अट होती. म्हणून १९१७ साली ते बडोद्याला गेले.

बडोद्याचे अकरा दिवस

माझ्या मते आपल्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली छापली.

गाडी बडोद्याला पोचली. पहिला प्रश्न राहायचे कुठे? हिंदूंच्या लॉजमध्ये ओळख दडवून राहता आले असते, पण कुणी ओळखीचे भेटले तर फजिती. टांगेवाल्याकडे चौकशी केली तेव्हा पारशी धर्मशाळा कळली. पारशी धर्मात शिवाशीव नाही, म्हणून मोठ्या आशेने सामान वर नेले. राखणदाराला कळले की हा पारशी नाही. धर्मशाळा फक्त पारशांसाठी. पण बरेच दिवस मुसाफिर आलेला नव्हता, त्यालाही चार पैशांची गरज होती. तोड अशी निघाली की रजिस्टरात पारशी नाव लिहायचे, रोजचा दीड रुपया द्यायचा. बाबासाहेबांनी ते मान्य केले.

बघा, अमेरिकेत शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी होऊ घातलेला माणूस. त्याला नोकरीसाठी छप्पर हवे होते आणि छपरासाठी नाव बदलावे लागले.

त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, बाजूला अडगळीने भरलेला दिवाणखाना, वीज नाही, मिणमिणता कंदील आणि वटवाघळांची फडफड. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम शिकायचे, रात्री इथे येऊन एकटे पुस्तक वाचत बसायचे. कचेरीत शिपाईसुद्धा फायली लांबून टाकीत. भाचा मुंबईहून उरलेले सामान घेऊन आला, तो मामाची दशा बघून असा हमसून रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केलेला होता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना जिन्यात बुटांचा आवाज झाला. डझनभर धिप्पाड पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे. तू कोण, इथे का आलास, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली, अशी त्यांनी विचारणा केली. बाबासाहेब गप्प राहिले. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. ही लबाडी होती आणि ती उघडी पडली, असे त्यांनी पुढे स्वच्छ लिहिले आहे. आपण पारशीच आहोत असा हट्ट धरला असता तर मार पडला असता, हेही लिहिले आहे. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत खोली खाली करा, असे धमकावून ते गेले.

दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने आपले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते. अर्थ कळला. मुंबईची गाडी रात्री नऊची. पाच तास कामाठी बागेत झाडाखाली बसून काढले. अशा वेळी लहान मुलाला आठवतात तसे त्यांना आईवडील आठवले. रात्री धर्मशाळेतून सामान खाली आणले तेव्हा राखणदार बाहेर आला, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

यात पारशी समाजाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. याच काळात नवल भथेना हे पारशी मित्र बाबासाहेबांच्या पाठीशी भावासारखे उभे होते. १९२० साली पुन्हा लंडनला जाताना त्यांनीच कर्जाऊ रक्कम दिली. मुद्दा एवढाच की मास्तरांनी दिलेले नाव जन्मभर टिकले आणि भीतीपोटी घेतलेले नाव अकरा दिवसच टिकले. त्या अकरा दिवसांतही त्याने रात्रीची झोप लागू दिली नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी कुठल्याही धंद्यापेशासाठी दुसरे नाव धारण केले नाही.

पाटीवर एकच नाव

बडोद्यानंतर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांनी स्टाफच्या पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतला. १९२० साली नोकरी सोडून पुन्हा लंडन, तिथे एम.एस्सी., डी.एस्सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर नाव बी. आर. आंबेडकर.

त्याच वर्षी मुंबईत वकिली सुरू केली. आता वकिलीचा धंदा म्हणजे नावाचाच धंदा. सॉलिसिटर लोक कामे द्यायचे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ते काम देत नसत. घर पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, ऑफिस परळच्या दामोदर हॉलमध्ये. गरिबांचे, गिरणी कामगारांचे खटले घ्यावे लागले, मोफसलच्या कोर्टांत फिरावे लागले. पण पाटी तीच राहिली. १९२६ साली पुण्यात जेधे, जवळकर, बागडे या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवरचा बदनामीचा खटला त्यांनी लढवला आणि जिंकला. नाव झाले ते कामाने.

गंमत पाहा. आंबेडकर हे आडनाव ब्राह्मणातलेही आहे. त्यामुळे १९३१ पर्यंत खुद्द गांधीजींची समजूत अशी होती की हा कोणी अस्पृश्यांविषयी कळवळा असणारा ब्राह्मण असावा. म्हणजे नावाचा आडोसा आयताच मिळाला होता. बाबासाहेबांनी त्या आडोशाला एक दिवसही उभे राहायचे मनात आणले नाही. महाडला, नाशिकला, गोलमेज परिषदेत ते आपण कोण आहोत हे आधी सांगत आणि मग बोलत.

नुसत्या नावाने काय होते?

म्हणून नावाला महत्त्व नाही असे बाबासाहेब म्हणत होते का? तर नाही. उलट नावाला फार मोल असते, असेच त्यांचे मत होते. ज्या नावाला घाण चिकटवली गेली ते नाव माणसाला खाली खेचते, हे त्यांनी अनेकदा मांडले. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात आपल्या लोकांना कायद्यात हरिजन म्हणण्याचा प्रश्न आला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि निषेध म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी बाबासाहेबांसह सभात्याग केला. दुसऱ्याने दया म्हणून दिलेले नाव त्यांना नको होते.

त्याआधी मे १९३६ च्या अखेरीस मुंबईच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले, मुक्ती कोन पथे या नावाने आपण ज्याला ओळखतो, त्यात हा विषय सविस्तर आहे. त्यांच्या सांगण्याचे सार असे. चोखामेळा म्हणा, हरिजन म्हणा, नुसते नाव पालटून उपयोग नाही. विचारणारा पुन्हा जात विचारतोच आणि आपण होतो तिथेच येतो. धर्मांतर मात्र एक प्रकारचे नामांतरच आहे, कारण त्याने जुने नातेच तुटते. म्हणजे बदल नावापुरता नको, माणूस बदलला पाहिजे.

आणि त्यांनी तसे केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या दिवशी आपण जातीचे नाव टाकले आणि बौद्ध हे नाव घेतले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशीही बाबासाहेबांनी आपले आडनाव बदलले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले ते भीमराव रामजी आंबेडकर याच नावाने. मधले नाव बापाचे, शेवटचे मास्तरांचे आणि पहिले आईने जे हाक मारायला ठेवले त्याचे.

मग आपण काय करावे?

आता त्या मुलीकडे येतो. काही व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगतो. कायद्याने कुणालाही नाव बदलता येते. प्रतिज्ञापत्र करायचे, राजपत्रात म्हणजे गॅझेटात जाहिरात द्यायची. आता हा अर्ज ऑनलाइन होतो. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, डिग्रीवर सहसा जुनेच नाव राहते आणि प्रत्येक ठिकाणी गॅझेटची प्रत जोडत बसावे लागते. जातीचा दाखला आणि पडताळणी यांत नावे जुळली नाहीत की पोरांना पुढे त्रास होतो. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या मोठ्या लढ्यानंतर, तेव्हा कागद नीट ठेवा. आणि आडनाव बदलले म्हणून जात विचारणारा विचारायचा थांबत नाही, तो गाव विचारतो, मग मामाचे आडनाव विचारतो.

तरीही नाव बदलणाऱ्याला मी दोष देणार नाही. आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबाने फार वर्षांपूर्वी गॅझेट करून गावावरून आडनाव घेतले. मुलाचे नाव घेऊन शाळेत पोरे चिडवत होती म्हणून. ते कुटुंब आजही दर पौर्णिमेला विहारात येते, धम्मदान देते, दारावर पंचशील ध्वज लावते. त्यांनी नाव बदलले, माणसे सोडली नाहीत. आणि असेही लोक पाहिले की ज्यांनी नाव बदलले आणि मग वस्तीतल्या आईला फ्लॅटवर यायची बंदी केली, कारण शेजाऱ्यांना कळेल. हे लोक धर्मशाळेतल्या त्या खोलीतच जन्म काढतात. रोज जिन्यात पावले वाजली की त्यांची छाती धडधडते.

तेव्हा मुलीला मी एवढेच विचारायला सांगितले. हे नाव तू कुणाला सांगून घेणार की कुणापासून लपून घेणार? उच्चाराला सोपे म्हणून, आवडले म्हणून, लग्नानंतर सोय म्हणून घेत असशील तर खुशाल घे, ते मास्तरांच्या नावासारखे टिकेल. पण उद्या एखाद्या पेशंटने खुर्चीत बसून जात विचारली आणि तुला खोटे बोलावे लागले, तर ते नाव बडोद्याचे आहे असे समज. दीड रुपया रोजाने घेतलेले नाव केव्हा काठी घेऊन दारात उभे राहील सांगता येत नाही.

तिने आठ दिवस विचार केला. बापानेही जोर केला नाही, हे विशेष. शेवटी बोर्डावर जुनेच आडनाव आले, ठळक अक्षरात. आत खुर्चीसमोर बाबासाहेबांचा फोटो आहे. पहिले काही महिने पेशंट कमी होते, हे खरेच सांगतो. आता बाकावर नंबर लावून बसावे लागते. मीसुद्धा माझी दाढ तिथेच काढली आणि पैसे देताना भांडण करावे लागले, कारण ती गुरुजींकडून घेईना.

सर्व उपासक-उपासिकांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना.

जय भीम! भवतु सब्ब मंगलम्!